आण्णांच्या ब्लॉगवरचे पावणे

दुपारची भांडी झाली की आई फोन घेऊन खिडकीपाशी बसते आणि आण्णांचा ब्लॉग उघडते. रोज एक लेख. आण्णा म्हणजे माझे वडील; त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. शेती खात्यातून ते निवृत्त झाले तेव्हा मीच हौसेनं तो ब्लॉग करून दिला होता. आजऱ्याच्या घनसाळ भातापासून म्हशीच्या आजारपणापर्यंत जे सुचेल ते आण्णांनी एका बोटानं टाइप करून त्यावर घातलं.

या दिवाळीला कोल्हापूरला आले तर आईचं तोंड उतरलेलं.

"उघडतच न्हाय की गं," ती म्हणाली. "नुसतं गोल गोल फिरतंय. आठ दिस झालं काय वाचलं न्हाय."

मी पुण्यात संगणकावर पोट भरणारी बाई. "एवढंच ना?" म्हणून शड्डू ठोकला. पण माझ्या जुन्या मेलवर, ज्या कंपनीकडे ब्लॉग ठेवला होता तिची पत्रं साचलेली. तुमची साइट ठरल्यापेक्षा फार जास्त मेमरी खाते आहे, शनिवारपर्यंत आवरा, नाहीतर बंद करू. त्या दिवशी गुरुवार होता. आईला यातलं काही सांगायचा धीर झाला नाही.

आधी सगळा दोष आण्णांच्या माथी मारला. मोबाइलवरचे फोटो त्यांनी जसेच्या तसे चढवले होते, लोंबीतला दाणा न् दाणा मोजता यावा एवढे मोठे. ते बारीक केले. थोडासा फरक पडला. मग माझी स्वतःची पापं निघाली. दिवाळीत पानावर पणत्या तरंगाव्यात म्हणून साइटला वरून जोडायचं एक प्लगइन, भेटी मोजायला दुसरं, असली डझनभर मीच कधीतरी लावून विसरले होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथं मेमरी लागत होती. तीही काढली. तरी घनसाळचा लेख उघडायला पुरतं एक मिनिट लागायचं आणि मेमरीचा आलेख छताला टेकलेलाच.

शुक्रवारी दुपारी साइटची नोंदवही उघडून पाहिली, तेव्हा दुखणं सापडलं. कुणीही तो लेख उघडला की त्याखालच्या सगळ्या प्रतिक्रिया एकदमच बाहेर ओढल्या जात होत्या. हजारो प्रतिक्रिया. आण्णांना एवढं वाचत होतं तरी कोण?

कुणीच नाही. ते सगळे जाहिराती चिकटवणारे प्रोग्राम होते. इंग्रजीत "फार सुंदर लेख" म्हणायचं आणि खाली बुटांच्या, वजन घटवायच्या गोळ्यांच्या, लॉटरीच्या दुकानाचा पत्ता. दुसऱ्या कुणी हा कचरा उडवला असता. आण्णांनी एकेकाला मंजुरी दिली होती आणि एकेकाखाली उत्तरही लिहिलं होतं. दारात आलेला तो पावणा, आणि पावण्याला 'या, बसा' न म्हणता वाटेला लावायची आमच्यात रीत नाही. बूटवाल्याला लिहिलं होतं, "धन्यवाद साहेब. कोल्हापुरात आलात तर घरी या की. भात खाऊनच जायचं." वजन घटवणाऱ्यालासुद्धा भाताचंच आमंत्रण.

मी मोठ्यानं हसले आणि आईला वाचून दाखवलं.

"मग काय हाकलून द्यायचं व्हय?" ती म्हणाली.

सगळ्या प्रतिक्रिया एकदम पुसणं मिनिटाचं काम होतं. पण त्यांच्याबरोबर आण्णांची उत्तरंही गेली असती. म्हणून पावणे वेगळे निवडायचे, आण्णा वेगळे ठेवायचे, असं ठरवलं आणि निवडता निवडता वाचतच बसले. ओळीओळीत त्यांचा आवाज होता. फार आठवण आली त्यांची.

एका लॉटरीवाल्या प्रोग्रामनं विचारलं होतं, तुम्ही आणि घरचे कसे आहात? खाली आण्णांचं उत्तर होतं, "आम्ही बरे आहोत. मी आणि मंडळी दोघंच असतो. लेक पुण्याला असते. हा ब्लॉग तिनंच करून दिलाय. माझं सगळं वाचते ती. कामात असते, त्यामुळं लिहायला जमत नाही तिला."

मी त्यांचा एकही लेख धड वाचला नव्हता. फोनवर "वाचलंस काय गं?" विचारायचे, आणि मी "हो आण्णा, मस्तच" म्हणून विषय बदलायचे. माझ्यावर त्यांचा खरंच विश्वास होता, की परक्यापुढं मला सांभाळून घेत होते, हे आता कोण सांगणार? मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत पावणे गेले. उरलेली उत्तरं एका वेळी वीसच दिसतील असं केलं आणि आलेख खाली आला. शनिवारी दुपारी आईनं फोनला बोट लावलं, तर पान लगेच उघडलं. तिनं म्हशीचा लेख काढला, डोळे पुसले आणि फोन माझ्या हातात दिला.

"आज तूच वाच मोठ्यानं," ती म्हणाली. "तुला तर सगळं पाठच असंल."

मी फोन घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पुढच्या ओळीत काय आहे ते मला माहीत नव्हतं.