मृणालीच्या हळदीला वाटलेली गेमची गाइडं

राहनाळचा आमचा केसरीनाथ मामा कुठलीही वस्तू टाकत नाही. दाढीचं ब्लेड तर सोडाच, ब्लेडवरचा कागदसुद्धा त्याच्या शर्टाच्या खिशात चार दिवस मुक्काम करतो. आजोबा जिथे भात लावायचे तिथे आता मामाची दोन गोदामं उभी आहेत, गळ्यात बोटाएवढी जाड चेन आहे, पण बोलणं अजून आजोबांचंच. गावातल्या सगळ्यांसारखा ‘ड-ढ’चा ‘र’ आणि ‘ळ’चा ‘ल’ करतो, गाडीला ‘गारी’ म्हणतो, हळदीला ‘हलद’, आणि घरात कुणी काही फेकायला निघालं की ओट्यावरून ओरडतो, “ओ बाय! ठेव ती इकरं! काय चावते का तुला?”

गोदामांचे भाडेकरू येतात, जातात, आणि जो माल न्यायला परवडत नाही तो मागे सोडतात. दुसरा मालक अशा वेळी भंगारवाल्याला बोलावतो. मामा नातेवाइकांना बोलावतो. शाम्पूच्या पुड्यांचा भाडेकरू गेला तेव्हा आमच्या सगळ्या खानदानाच्या डोक्याला वर्षानुवर्षं हिरव्या सफरचंदाचा वास येत होता, आजीच्या अंबाड्यासकट. मग चपलांचा भाडेकरू गेला. त्याने सोडलेली खोकी उघडली तर सगळ्या चपला डाव्या पायाच्या! माल चोरीला जाऊ नये म्हणून ती कंपनी डावे पाय एका गोदामात ठेवायची, उजवे दुसऱ्या. आणि दुसरं कुठलं, ते कुणाला सांगायच्या आधीच बुडाली.

मामी म्हणाली, “आता तरी टाका.”

मामा म्हणाला, “उजवा येल.”

उजवा येईल म्हणून ती खोकी माळ्यावर बसून राहिली. गावाने मामाचं नाव ठेवलं डिंकनाथ. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण पाठ वळली की म्हणतात, आणि मामाची पाठ एवढी रुंद आहे की ती वळायला वेळ लागतो, त्यामुळे अर्धं त्याला ऐकू जातंच.

गेल्या वर्षी पुस्तकांचा भाडेकरू गेला. तो व्हिडिओ गेमची गाइडं विकायचा. कोणत्या गुहेत खजिना आहे, कोणत्या पुलावरून जायचं, कोणत्या ‘बॉस’ला, म्हणजे शेवटच्या मोठ्या राक्षसाला, कुठे मारायचं, हे सगळं सांगणारी जाडजूड, रंगीत, इंग्रजी पुस्तकं. पूर्वी पोरं ती हौसेने घ्यायची. आता अडलं की फोनवर व्हिडिओ बघतात, मग पुस्तक कोण घेणार? त्याचं दुकान बसलं आणि ‘ग्रॉमगार्ड, भाग तीन’ नावाच्या गेमच्या गाइडांचा डोंगर मामाच्या गोदामात उरला. कव्हरवर एक शिंगवाला राक्षस. कमरेला कवट्या, जीभ छातीपर्यंत.

मामा पंच्याने एकेक पुस्तक पुसायचा आणि कुरवाळायचा. “कागद बघ कसा गुलगुलीत हाय. ह्याला वजन हाय, वजन!”

“पण मामा, वाचणार कोण?” माझा मावसभाऊ मितेश म्हणाला. मितेश मामाच्याच गोदामात पार्सलांवर बारकोड चिकटवतो आणि दिवसभर इंग्रजी वाचतो, निदान पत्त्याएवढं तरी.

“वाचाला कनाला पायजे? पुस्तक हाय ते!”

तेवढ्यात मृणालीचं लग्न ठरलं. मृणाली मामाची एकुलती एक. नवरा हितेश, काल्हेरच्या गोदामवाल्यांचा मुलगा. स्थळ तोलामोलाचं. हितेशची आई पुतळाबाई हे त्यातलं खास मोल. तिचा आवाज असा की काल्हेरच्या खाडीत मासे दिशा बदलतात.

हळदीला आलेल्यांना काय भेट द्यायची, यावर घरात बैठक बसली. मामी म्हणाली, स्टीलचे डबे. मामाने शेजारचं गाइड मांडीवर घेतलं आणि पुसायला लागला.

“डबे सगलेच देतान,” मामा शेवटी म्हणाला. “पुस्तक कोन देतं? सांग ना. विद्या हाय ती.”

मृणाली उठून त्याच्यासमोर उभी राहिली. ती कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही नाही चढवला. “पप्पा, सासरची मानसं येणार आहेत. एक दिवस डिंकनाथ होऊ नका. एकच.”

हे नाव त्याच्या तोंडावर पहिल्यांदा कुणी घेतलं होतं, तेही मुलीने. मामाने चेन चाचपली, छताकडे बघितलं आणि म्हणाला, “बरा.” आम्हाला वाटलं, डबे आले.

डबे आले नाहीत. मामाने फक्त वेष्टनाचा कागद विकत आणला. सोनेरी! त्याच्या आयुष्यातली ही एवढी मोठी उधळपट्टी की प्रत्येक पुस्तक बांधताना तो कोपरे मोजूनमापून दुमडत होता, कागद वाया जाऊ नये म्हणून. वर चिठ्ठी, ‘सप्रेम भेट’.

हळदीच्या संध्याकाळी गोदामासमोर मांडव. डीजेच्या दणक्याने पत्रे थरथरत होते, मटणाचा वास धामणकर नाक्यापर्यंत गेला असावा. काल्हेरच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या, पुढे पुतळाबाई, मागे करवल्यांची फौज. प्रत्येकीच्या हातात सोनेरी पुडकं पडलं आणि बायकांनी ते हातावर तोलायला सुरुवात केली.

“अगो, जर हाय गो!”

“मिक्सर असंल.”

“मिक्सर चपटा असतो का? चांदीचा ताट हाय ताट!”

ताट, ताट करत ती बातमी मांडवभर फिरून पुतळाबाईपर्यंत पोचली. तिने तिथेच, स्टेजवर, सगळ्यांसमोर सोनेरी कागद टरकन फाडला. मामाच्या काळजाचाही तसाच आवाज आला असणार, चांगला कागद होता.

आतून राक्षस निघाला. जीभ छातीपर्यंत.

डीजेवाल्याने गाणं बंद केलं. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. पाटावर बसलेल्या मृणालीच्या तोंडावरची हळद तेवढी पिवळी होती, खालची मृणाली पांढरी पडली.

“व्याही,” पुतळाबाई म्हणाली, “ह्यो कोन? तुमचा फोटू?”

करवल्या फिदीफिदी हसल्या. मामाने डीजेवाल्याचा माइक घेतला. का घेतला ते त्यालाही माहीत नसावं. “त्ये... विहीनबाई... पुस्तक हाय. विद्या.”

“कसली विद्या?”

“संसाराची,” मामा म्हणाला. “संसार कसा करावा त्ये लिवलंय त्याच्यान. पोरी नव्या घरी जातान ना, त्यांना.”

“अस्सं? मंग वाचा की.”

मामाला इंग्रजीतलं फक्त ‘नो पार्किंग’ वाचता येतं, तेही पाटी ओळखीची असेल तर. “मितेश!” तो माइकमधूनच ओरडला. “वाच रं!”

मितेश स्टेजवर चढला आणि मामाच्या कानात कुजबुजला. माइक चालू होता, त्यामुळे सगळ्या राहनाळने ऐकलं. “मामा, ही राक्षस मारायची गाइड आहे.”

“वाच बोललो ना!”

मितेशने घाम पुसला, पहिला धडा उघडला आणि एकेका ओळीचं मराठी करायला लागला, पार्सलवरचा पत्ता वाचावा तसं. “नव्या प्रदेशात पाऊल ठेवताच तलवार उपसू नका. आधी भेटेल त्या प्रत्येकाशी बोला.”

मांडवात कुणीतरी “हां” म्हणालं. कारण वाक्य तसं बरोबर होतं.

आणि तिथे काशी आक्का जागी झाली. काशी आक्का आमच्याकडची धवलारीण. लग्नातले धवले तीच गाते, देवापासून डेकोरेशनवाल्यापर्यंत जे समोर दिसेल ते गाण्यात बसवते. शब्द कानावर पडला आणि ती गायली नाही, असं होतच नाही. तिने डोळे मिटले आणि तार सूर लावला:

“नव्या गावाचे येशीवर, बाये थांब गो जराशी,
तलवार ठेव म्यानामंदी, बोल आदी मानसांशी!”

“वाह आक्का!” मागून आरोळी आली. मितेशला जरा धीर आला. “वाटेत दिसतील ती सगळी मडकी फोडून बघा. नाणी निघतात.”

“सासरचे घरामंदी, मरकी मांडली ओलीनं,
एकेक बघ गो हालवून, पैका वाजल खालीनं!”

“आँ?” पुतळाबाई म्हणाली. “माझी मरकी?” पण तिच्या करवल्या टाळ्या वाजवायला लागल्या होत्या. ढोलकीवाल्याने ठेका धरला.

“बॉसच्या दालनात शिरण्याआधी,” मितेश वाचत गेला, “पोटभर खाऊन घ्या. आत गेल्यावर सवड मिळत नाही.”

“मोठे दाराचे भायेरी, भाकर खाऊन घे गो बाये,
आत गेल्यावर कोन पुसतंय, पोट भरला का न्हाय गो बाये!”

“थांब रं पोऱ्या,” पुतळाबाईने हात वर केला. ढोलकी थांबली. “ह्यो बॉस बॉस म्हंजे कोन?”

सगळा मांडव तिच्याकडे बघत राहिला. त्याहून स्पष्ट उत्तर असूच शकत नव्हतं.

मितेशची नजर पानावर, कारण दुसरीकडे कुठे ठेवणार? आणि जे पानावर होतं ते त्याच्या तोंडातून बाहेर पडलं. “बॉस तीनदा ओरडते. ओरडत असताना वार करू नका. खांबामागे उभे राहा. तिसऱ्यांदा ओरडून झालं की बॉसला दम लागतो, तेव्हा पुढे या.”

“आये!” करवल्यांमधून पुतळाबाईची लेक नेत्रा किंचाळली. “तीनदाच गो! मोजून तीनदा! ह्यांना कसं कलला?” काल्हेरच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. एकीचा गजरा मटणाच्या पातेल्यात गेला.

पुतळाबाई हसली नाही. “आनि जिकतं कोन?”

मितेशने चारपाच पानं उलटली. “बॉसला... मारायची गरज नाही. तिची हरवलेली वस्तू शोधून दिली, की ती तुमच्याच बाजूने लढते.” नंतर मी ते पान बघितलं. त्यावर फक्त अळंब्यांचे प्रकार होते.

पुतळाबाईने पुस्तक मिटलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी मृणाली घाबरलेली होती. “व्याही, खरा सांगा. इकत घेतलात का फुकट गावला?”

मामाच्या हातात माइक. समोर सगळं गाव, ज्याला उत्तर माहीत होतं. पाटावर मृणाली. तिने डोळे मिटून घेतले. मामाने चेन चाचपली.

“फुकट,” तो म्हणाला. माइकमधून ते गोदामाच्या पत्र्यावर आपटून परत आलं, फुकट, फुकट. “गोदामान परला होता. डबे आनाला दुकानान गेलो. दोनदा गेलो. जीव न्हाय झाला. पोरीचा काय चुकला न्हाय यात, डिंकनाथ मी हाय.”

पुतळाबाई उठली. आता ओरडणार, म्हणून आमच्यातले दोघंतिघं खरोखर मांडवाच्या खांबामागे गेले. ती माइकपाशी आली.

“फुकटचा माल टाकाचा कनाला?” ती म्हणाली. “आमच्या माल्यावर चपलांची खोकी परलीत. भारोत्री बुरला, सोरून गेला. हितेशचा बाप बोलतंय टाक. मी बोलली, न्हाय टाकाची. पन सगले एकाच पायाचे मेले!”

मामाने माइक डीजेवाल्याच्या मांडीवर टाकला. त्याच्या आयुष्यात त्याने टाकलेली ही पहिली वस्तू.

“कंचा पाय?”

“उजवा.”

मामाने आपल्या डाव्या पायाकडे बघितलं, मग तिच्या उजव्याकडे. मामीने तोंडाला पदर लावला. काशी आक्काने सूर लावायला तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी तिला हसूच फुटलं, आणि हे राहनाळमध्ये आजवर झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवाच्या दारात दोन टेबलं होती. काशी आक्काने आधी आक्षेप घेतला, “लग्नान चपला वाटतान का?” पण चपला काढायच्या जागीच वाटायच्या, आत आणायच्या नाहीत, यावर तह झाला. डावीकडे मामा, डाव्या पायाची देत होता. उजवीकडे पुतळाबाई, उजव्या पायाची. नुसत्या मुलीकडून आलेल्या माणसालाही जोडी पुरी करायला मुलाकडच्या टेबलावर नमस्कार करावा लागत होता, आणि उलटही. मामाची डावी निळी, तिची उजवी तपकिरी. पण नंबर जुळत होता, आणि मामा प्रत्येकाला वाकून दाखवत होता, “बघ, बसली ना? उजवा येल बोललो होतो!”

मृणाली पाठवणीला रडली, पण मधेच तिची नजर सगळ्या वऱ्हाडाच्या पायांकडे गेली आणि तिला हसू फुटलं. रडणं-हसणं एकत्र झाल्यावर तिला उचकी लागली, ती काल्हेरपर्यंत गेली नाही म्हणे.

गाइडांचा डोंगर आता ओसरलाय. गावात कुणाच्या दाराला अडसर म्हणून आहे, कुणाच्या फ्रीजखाली. मृणालीने स्वतःची प्रत सासरी नेली. परवा तिचा फोन आला होता. मागून आवाज येत होता, एकदा, दोनदा, तीनदा. मग दम घेतल्याचा सुस्कारा, आणि मग त्याच आवाजात फोनच्या अगदी जवळून, “बाय, तुझ्या पप्पाला इचार, त्यो मितेश कवा येतंय? पुरचं पान राहिलंय.”