वेगळं ताट

शिरपूरजवळच्या आमच्या गावात गहू सणापुरता घरात यायचा. आई-बाप दोघंही मजुरीला जायचे. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर आणि जे असेल ते कोरड्यास. दिवाळीला पोळ्या झाल्या की मी त्यांच्यावर तुटून पडायचे आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून लोळायचे. आई म्हणायची, "हावरी हाये पोट्टी. खायाले लागली की दम नाई." मलाही तेच खरं वाटायचं. पुढे अकोल्याकडच्या मालेगावात नोकरीला असलेल्या कारकुनाचं स्थळ आलं. बाप घर पाहून आला आणि आईला एवढंच म्हणाला, "पगाराचं घर हाये. पोरगी दोन्ही वख्त पोळी खाईन."

जे खायला मिळावं म्हणून बापाने मला त्या घरात दिलं, तेच माझ्या पोटाने नाकारलं. पण हे कळायला तीन वर्षं गेली.

सासर किन्हीराजाच्या बाजूला. नवरा रोज एसटीने मालेगावला जायचा. सासरे प्राथमिक शाळेत मास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, सासूला आत्याबाई. मामाजी लहानपणी शाळेच्या ओट्याखाली बसून शिकलेले. पाणी वरून ओंजळीत घेतलेलं, लग्नकार्यात सगळ्यांची जेवणं झाल्यावर लांब बसून जेवलेले. आमच्या समाजाने दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरासाठी एक नियम केला. जेवायला सगळे एका ओळीत, एकाच वेळी बसतील. बाया मागाहून जेवणार नाहीत. कुणाचं ताट वेगळं नाही, कुणाचा पेला वेगळा नाही.

सासरी पहिल्याच दिवशी मला सासऱ्यांच्या शेजारी ताट मांडलं, तेव्हा मी आधी उभीच राहिले. माझ्या आईने जन्मात कधी बापाच्या जोडीने बसून खाल्लं नव्हतं. त्या ओळीत बसायला मिळालं म्हणून मी किती सुखावले होते, ते कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कुणाला, सगळ्यांना ते साधंच वाटत होतं.

मग जुलाब सुरू झाले. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि हातपाय काड्या झाले. शेजारणी म्हणाल्या नजर लागली, कुणी म्हणालं पोरीला नांदायचं नाही. मालेगावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, अकोल्याच्या डॉक्टरने बाटल्या दिल्या. आत्याबाई तर जीव तोडून खाऊ घालायच्या. अशक्त आहे म्हणून तूप लावलेली एक पोळी जास्त. मीही मुकाट्याने खायचे आणि पुन्हा परसाकडे पळायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही मायेच्या हाताने.

शेवटी नवऱ्याने नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात मला नळी गिळायला लावली, आठ दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर बाहेरदेशी शिकून आलेले होते. ते म्हणाले, "याला सिलिअ‍ॅक म्हणतात. औषध नाही. गहू बंद. रवा, मैदा, बिस्किट, पाव, सगळं बंद. ज्वारी खा, भात खा, बरी होशील." मला हसूच फुटलं. गरिबाचं खा आणि बरी हो, यासाठी नागपूरपर्यंत आलो होतो. पण मग ते म्हणाले, "कणभर पीठसुद्धा पोटात जाता कामा नये. तवा, परात, ताट, सगळं वेगळं ठेवा." तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. हे घरी सांगायचं कसं?

नवऱ्याने सांगितलंच नाही. रात्रीच्या जेवणाला मीच मान खाली घालून बोलले. मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"वेगळं ताट? या घरात?"

"डागदर म्हणत होते, मामाजी."

"डागदरले काय मालूम वेगळं ताट काय असते ते! भाकर खा तू, पोळी नको खाऊ. पण ताट वेगळं नाई. मी जित्ता हाओ तवर नाई."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांची बाजूही कळली, आणि असा राग फार वाईट. तो कुठेच काढता येत नाही.

मग मी ओळीतच बसून भाकर खाऊ लागले. त्याच परातीत आधी कणीक मळलेली असायची, त्याच तव्यावर आधी पोळ्या झालेल्या असायच्या. गिरणीवर माझी ज्वारी कुणाच्या तरी गव्हामागे दळली जायची, आणि पहिल्या दोन मुठी पीठ त्या गव्हाचंच यायचं. फोडणीतल्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं, हे तर मला फार उशिरा मालेगावच्या किराणेवाल्याने सांगितलं. मी सुधारले नाही. घरचे मनात म्हणत असणार, आता तर पोळीही बंद केली, अजून हिचं काय दुखतं? ज्याचं जळतं त्याला कळतं. एके दिवशी विहिरीवरून येताना मी घागरीसकट खाली आले.

या वेळी मला नागपूरला मामाजी घेऊन गेले. डॉक्टरांच्या टेबलासमोर ते मास्तरासारखे ताठ उभे राहिले आणि पुस्तकातलं मराठी बोलले, "साहेब, थोडंसुद्धा चालणार नाही का? एकाच ताटात, पण जपून?" डॉक्टर म्हणाले, "नाही गुरुजी. ही पोरगी हातची जाईल." घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, "घरातले गहू वाटून टाक. जुना तवा, परात भंगारात दे. आजपासून सगळ्यायले एकच भाकर."

असा माझ्यासाठी एका घराने गहू सोडला. ताट वेगळं करण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं.

आत्याबाईंनी गोठ्यातलं जुनं जातं धुऊन घरात आणलं. ज्वारी घरीच दळायची, हळद-तिखट घरीच कुटायचं, हिंगाऐवजी लसूण. सणाला पुरण करायचे, पण पोळी नाही. तांदळाच्या उकडीत भरून वाफवायचे. पहिल्यांदा फुटून पुरण पाण्यात गेलं, नवरा म्हणाला, "डाळीचं वरण गोड झालं." सगळे हसले, मीसुद्धा. चार महिन्यांत माझ्या अंगावर मांस आलं. वेणी पुन्हा जाड झाली.

आणि त्याच घरात मी कधी नव्हते इतकी एकटी पडले.

नवरा मालेगावच्या स्टँडवर पोळी-भाजी खाऊन यायचा आणि घरी म्हणायचा, भूक नाही. मला वासावरून कळायचं. आत्याबाई सणाच्या दिवशी शेजारी बसायला जायच्या, येताना अंगणात हात-तोंड धुऊन, अगदी चूळसुद्धा भरून यायच्या आणि मगच मला शिवायच्या. दिवाळीला नणंद आली. तिचं लहान पोरगं ताटाकडे पाहून म्हणालं, "मामाच्या घरी पोळी नसते काय?" नणंदेने त्याला चापट मारली. ती माझ्याच गालावर बसली. पाहुण्याला भाकर वाढणं म्हणजे आमच्याकडे त्याचा मान ठेवला नाही असं धरतात. त्या वर्षी पाहुणे कमी झाले. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, आणि मी रोज वाट पाहत होते की कुणीतरी बोलावं. भांडता आलं असतं.

मामाजींचे तर दातच गेले होते. त्यांना दुधात कुस्करलेली पोळी फार आवडायची. आता ते भाकर दुधात भिजत घालायचे, अर्धा तास वाट पाहायचे, तरी कडा राहायच्या. त्या कडा ते हिरड्यांनी चघळत बसायचे. सगळ्यांची ताटं उचलली तरी ते बसलेलेच. कधी तक्रार नाही. मी समोर बसून ते पाहायचे आणि मला रडू यायचं. खरं सांगायचं तर चीडही यायची. यांच्या उपकाराचा मला कंटाळा आला होता. एका माणसाच्या आतड्यासाठी सगळ्या घराने तोंड बांधायचं, आणि त्या माणसाने जन्मभर ते पाहत बसायचं!

दीड वर्षाने, एका रविवारी, मी आत्याबाईंना म्हणाले, "आज पोळ्या करा." नवऱ्याकडून आदल्या दिवशी पीठ, नवा तवा, नवी परात मागवून ठेवली होती. त्या मामाजींच्या विचाराने घाबरल्या. "त्यायले काय सांगू वं?"

"मी सांगतो," मी म्हणाले. आमच्याकडच्या बाया बोलताना अशाच बोलतात.

त्यांनी बाहेरच्या ओसरीवर चूल मांडून पोळ्या केल्या. मी आत माझी भाकर थापली. दुपारी जेवायला सगळे ओळीत बसले, तेव्हा मी माझं ताट उचललं आणि मागच्या दाराशी, भिंतीलगत नेऊन ठेवलं. मामाजींच्या ताटात पोळी होती, वाटीत दूध होतं. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"मामाजी, मीच मांडलं," मी म्हणाले. "मले कोणी दूर नाई बसवलं. तुमी जेवा."

ते जेवले नाहीत. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, स्वतःचं ताट दोन्ही हातांत घेतलं आणि माझ्याकडे चालत आले. माझ्या शेजारी बसायला. ते पिढ्यान्‌पिढ्यांचं अंतर त्यांनी आयुष्यभर असंच पायी चालून तोडलं होतं, तेवढंच त्यांना ठाऊक होतं. पोळीवरचं कोरडं पीठ ताटाच्या काठावरून खाली भुरभुरत होतं. ते वाकले. माझ्या भाकरीपासून ते ताट हातभर राहिलं असेल.

मी माझं ताट पदराखाली ओढलं आणि ओरडले, "मामाजी, तिकडं बसा! मायाजवळ येऊ नका!"

ते वाकलेले तसेच थांबले. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि तो मोठ्या माणसाचा नव्हता. मग ते म्हणाले, "बरं." कुणी हुकूम केल्यावर पोरं म्हणतात तसं, खाली पाहून. पाठ न दाखवता ते दोन पावलं मागे सरले, आपल्या जागी जाऊन बसले आणि पोळी दुधात कुस्करू लागले.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि माझी भाकर खाल्ली.