आईची साक्ष

आता मला कुणी वेंधळी म्हटलं की मी सांगते, "हो, आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलेली." समोरचा विषय बदलतो. पण हे उत्तर हाती येण्यासाठी माझ्या आईची साक्ष लागली, आणि साक्षीदार पहिल्याच फटक्यात फितूर झाली.

सुरुवात माझ्या मुलीपासून झाली. चौथीतली मुलगी. वर्गात दंगा नाही, भांडण नाही, म्हणून शंकाही कुणाला आली नाही. बाई फळ्यावर असायच्या आणि ही खिडकीबाहेर. तिला तपासणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, बाकावरून उड्या मारणारी मुलं लगेच डोळ्यांत भरतात, गप्प बसून हरवणाऱ्या मुली मात्र वर्षानुवर्षं सुटून जातात. तिला एडीएचडी आहे; त्यात लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवता येत नाही. वस्तू हरवतात, वेळेचा अंदाज येत नाही, सुरू केलेलं अर्ध्यावर राहतं, आणि एखाद्या आवडीच्या कामात मात्र जेवणाचंसुद्धा भान उरत नाही. डॉक्टर माझ्या मुलीबद्दल बोलत होत्या आणि मी स्वतःसाठी मान डोलवत होते.

"हे घराण्यात असतं का हो?" मी विचारलं.

"बऱ्याचदा," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळची तुमची छत्री बाहेर ठेवलीये."

चाळिशी ओलांडलेली मी पुण्यात खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. सगळी सिस्टीम बंद पडली आणि बाकीचे घाबरले की माझं डोकं लख्ख चालतं. पण महिन्याचा साधा रिपोर्ट उघडून बसले की हात जड होतात. मी राजीनामा द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं, आणि त्याला कारण एकच. मी आळशी आहे, हे आईचं म्हणणं मला मनापासून पटलेलं होतं. आळशी माणसाने दुसऱ्याची जागा अडवू नये.

डॉक्टरांनी मलाही तपासायचं कबूल केलं. पूर्वी समजूत होती की मोठं झाल्यावर हे आपोआप जातं. आता संशोधन सांगतं की अनेकांमध्ये ते राहतं, फक्त बाहेरची धावपळ डोक्याच्या आत जाते. रक्त तपासून काही कळत नाही. आणि ताण, अपुरी झोप, थायरॉईड यांनीही माणूस असाच विसरभोळा होतो. त्यामुळे ही लक्षणं लहानपणापासून होती, हे सांगणारं माणूस त्यांना हवं होतं.

मी खूश. असं माणूस कर्वेनगरला राहत होतं आणि माझ्या वेंधळेपणाचे किस्से त्याला तोंडपाठ होते.

आई कडक इस्त्रीची साडी नेसून आली. तिथेच मला संशय यायला हवा होता.

"काकू, ही लहानपणी कशी होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"अतिशय शांत. आणि हुशार. पहिल्या पाचांत असायची."

"वस्तू हरवायची का?"

"छे हो."

"कामं अर्धवट टाकायची?"

"हातात घेतलेलं पुरं केल्याशिवाय उठायची नाही. स्वयंपाकसुद्धा सगळा येतो तिला."

हा सूर मी त्याआधी एकदाच ऐकला होता, मला बघायला मंडळी आली होती तेव्हा. आईच्या लेखी परकं माणूस समोर बसून मुलीबद्दल विचारतंय म्हणजे स्थळच आलेलं. आता फक्त पोह्यांची बशी फिरवायची राहिली होती.

डॉक्टरांनी आम्हाला जरा बाहेर बसायला सांगितलं. मी तिथेच तिला धरलं.

"खोटं का बोललीस?"

"मग काय परक्या बाईसमोर तुझी लक्तरं टांगू?"

"घरी रोज टांगतेस की!"

"घरातलं वेगळं."

मला भयंकर राग आला होता. जन्मभर ज्या कौतुकाची वाट पाहिली, ते मिळालं तेव्हा माझ्या काही उपयोगाचं नव्हतं. "तू खरं सांगितलं नाहीस ना," मी म्हणाले, "तर मी आळशीच ठरणार, आई. कायमची." ती पदराच्या घड्या नीट करत बसली.

परत आत गेल्यावर डॉक्टरांनी माझं नावच काढलं नाही. त्यांनी विचारलं, "काकू, ही शाळेत होती तेव्हा तुमची सकाळ कशी जायची?"

आणि आई सुटली. मुलीची उणी सांगायला ती तयार नव्हती, पण स्वतःच्या कष्टांबद्दल विचारल्यावर कोण गप्प बसेल?

"सकाळ कसली, लढाईच. दप्तर मी भरायचं. एक मोजा चढवून ही बसून राहायची, मग मी स्वयंपाकघरातून ओरडायचं, दुसरा! अभ्यासाला मी शेजारी शेंगा सोलत बसायचे. मी उठले की ही उठलीच. आणि शाळेत सोडल्यावर फाटकाशी थांबायचे मी. काहीतरी घरी राहिलेलं असायचंच, परत जाऊन आणायचं. ऊन असो, पाऊस असो."

फाटकाचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती मला सोडून लगेच जाते. पहिल्या पाचांत आम्ही दोघी मिळून येत होतो तर.

डॉक्टर म्हणाल्या, "काकू, मला हेच ऐकायचं होतं." मग त्यांनी तिला सावकाश समजावलं. हा मेंदूच्या कामाच्या पद्धतीतला फरक आहे. आईच्या वळणाचा दोष नाही, मुलीच्या इच्छेचा नाही. औषध असतं, सवयी लावता येतात, आणि आई करायची तसा आधार इतर मार्गांनीही उभा करता येतो.

"म्हणजे ही मुद्दाम करत नव्हती?"

"नाही."

आईने खुर्ची डॉक्टरांकडे ओढली. मग डॉक्टरांना म्हणाली, "अहो, हे तुम्ही सांगा तिला. मी इतकी वर्षं उलटंच सांगत आले. माझं आता तिला खरं वाटायचं नाही."

"ती इथेच बसलीये. तुम्हीच सांगा."

आईने माझ्याकडे पाहिलं, पण हात धरला नाही, तशी सवयच नाही आमच्यात.

"आळशी नव्हतीस गं तू," ती म्हणाली. "मी दमायचे, म्हणून म्हणायचे."