एका जुन्या खुनाची कबुली

माझ्या नोकरीतला एक कबुलीजबाब मला अजून जसाच्या तसा आठवतो. तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी आटोपून हवालदारांना बीट वाटून देत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता.

"साहेब, तुमच्या हद्दीतल्या वृद्धाश्रमात एक खुनी ठेवलाय. रोज स्वतःच्या तोंडानं सांगतो. माझी आई शेजारच्याच खोलीत असते. उद्या काही झालं तर?"

निनावी फोनमागे बहुतेक वेळा एक तर भांडण असतं, नाहीतर भीती. या आवाजात भीती होती. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि साध्या कपड्यांत निघालो.

वृद्धाश्रम गावाबाहेर, ज्वारीच्या रानाला लागून. स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसं तिथं राहत. संचालिकाबाई पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनी काही लपवलं नाही.

"बोलतात ते तसं," त्या म्हणाल्या. "जेवलो की नाही, हे विसरतात. बायको वारली, हे विसरतात. एवढं एकच विसरत नाहीत. त्या विचारानं घास गिळत नाहीत. बाकीच्यांचे नातेवाईक म्हणतात, यांना काढा. काढून पाठवू कुठं? मूलबाळ नाही. बायकोच्या भाच्यानं आणून सोडलंय."

म्हातारबा ओसरीवर बसले होते. भूम तालुक्यातले, सारं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. माझ्या बुटांकडे बघून त्यांनी विचारलं, "फौजदार का?"

"व्हय."

"मग न्या मला. म्या धाकल्या भावाला हिरीत ढकललं. पाणी शेंदायला पोहरा मला पायजे म्हणून. म्या मारलं त्याला."

अशा रुग्णाचा जबाब कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण एखादं लेकरू खरंच विहिरीत गेलं असेल, तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करणं मला जमणारं नव्हतं. भाच्याला फोन केला. "आत्याच्या मालकांना भाऊ होता, हेच आमाला ठाव न्हाय," तो म्हणाला. मूळ गावी जमादार पाठवला. विहीर कधीच बुजवलेली, त्या वयाचं माणूस गावात उरलेलं नाही. इतका जुना कागद ठाण्यातही मिळाला नाही.

मग म्हातारबांशीच बोलायचं ठरवलं. संचालिकाबाईंनी आधीच बजावलं, "समोर बसू नका, शेजारी बसा. खोटं बोलता, असं म्हणू नका. आणि कधी झालं, हे विचारू नका. त्यांच्या लेखी ते आत्ताच झालंय."

आयुष्यभर मी आरोपीच्या समोर बसून, वेळ आणि तारीख विचारत आलो होतो. त्या दिवशी बाकावर शेजारी बसलो आणि विचारलं, "धाकला दिसायला कसा?"

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "गोरा. लई हट्टी. ताकासाठी रडतंय. आई म्हणती, टाके वले हायती, ताक दिऊ नगंस त्याला."

"कसले टाके?"

"हनुवटीचे. हिरीत पडला तवा दगूड लागला न्हवं का!"

मी थबकलो. मेलेल्या पोराला कुणी टाके घालत नाही. आणि त्याला ताक देऊ नको, असंही कुठली आई म्हणत नाही.

"टाके कुणी घालून आणले?"

"मामानं. त्यानंच हिरीतनं काढला. मग आपल्या गावी, मुरुमला घेऊन गेला त्याला."

"आणि पुढं?"

"पुढं न्हाय आला." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्या मारलं त्याला."

मी त्याच दिवशी मुरुमच्या ठाण्याला कळवलं. हनुवटीवर खोकेची खूण, वय ऐंशीच्या आसपास, लहानपणी मामाकडे आलेला. तिथल्या बीट हवालदारानं बाजारात जुन्या लोकांकडे चौकशी केली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"साहेब, तुमचा मयत माझ्यासमोर चहा पितोय."

खुर्चीत मागं टेकून मी एवढ्या मोठ्यानं हसलो की ठाणे अंमलदार धावत आत आला.

मामाला मुलगा नव्हता. बरं झालेलं भाचरू त्यानं दत्तक घेतलं. आडनाव बदललं, गाव सुटलं. आई होती तोवर भाऊ लग्नाकार्यात भेटत राहिले. आई गेल्यावर तेही थांबलं. म्हातारबांच्या आजारानं ही मधली सगळी वर्षं पुसून टाकली होती.

धाकटे भाऊ एसटीनं आले. आल्या आल्या पायाशी बसले. "अण्णा, म्या धाकला."

म्हातारबा चिडले. "धाकला एवढासा हाय," कमरेइतका हात करून ते म्हणाले. "थट्टा करता व्हय, पाव्हणं?"

धाकट्यांनी हनुवटी पुढं केली, खूण दाखवली. म्हातारबांनी तोंड फिरवलं. धाकट्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. संचालिकाबाई त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "ते विहिरीपाशीच आहेत, काका. तुम्हीच तिकडं जा."

धाकटे उठले. डोळे पुसून बाकावर शेजारी बसले.

"म्या हिरीवरनंच आलोय. पोरगं निघालं वर. मामानं काढलं."

म्हातारबांनी झटकन मान वळवली. "जित्तं हाय?"

"जित्तं हाय. हनुवटीला खोक पडलीय. भरंल."

"आईला सांगितलं का?"

"आईच्याच मांडीवर हाय. ताक मागतंय."

म्हातारबा हसले. कितीतरी दिवसांचा कोंडलेला श्वास सोडावा तसा त्यांनी एक उसासा टाकला. त्या दुपारी ते पोटभर जेवले.

धाकट्यांचा जबाब घेऊन मी चौकशी बंद केली. एसटी स्टँडवर सोडायला गेलो, तर ते म्हणाले, "मला वळखलं न्हाय, ते ऱ्हाऊ द्या साहेब. पण माझ्यासाठी त्येच्या मनात एवढं दुःख साठलेलं, हे मला आजवर कुठं ठाव होतं?"

तपासात आम्ही माणसाकडून खरं काढून घेतो. इथं खरं त्याच्यापर्यंत पोचवायचं होतं, त्याला झेपेल अशा शब्दांत. शेजारी बसून ऐकायची ती रीत मी नंतर ठाण्यातही वापरली, आणि ती पुष्कळदा कामी आली.

म्हातारबांना काढा, असं मग कुणी म्हणालं नाही. धाकटे भाऊ अधूनमधून येत राहिले. ओसरीवर पाय ठेवला की आधी तीच बातमी सांगत. म्हातारबा दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकत, आणि दर वेळी तितकेच मोकळे होत.