सायवनच्या गाण्यातली बारा सेकंदं

सायवनसाठी जिथं उतरायचं ते कासा आलं तेव्हा मी झोपलो होतो. कंडक्टरनं हाक मारली असणार, पण माझ्या कानांवर हेडफोन होते. डोळे उघडले ते थेट डहाणूच्या स्टँडवर. जायचं होतं सायवनला, आणि समोर खारा वारा.

नाशिकच्या माझ्या दोन खोल्यांतली एक म्हणजे स्टुडिओ. एक कीबोर्ड, दोन स्पीकर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या. मालिका, जाहिराती, शाळांची गॅदरिंग, येईल ते काम करतो. दिवसभरात संगीताचा वीट येतो. तरी भांडी घासताना एक गोष्ट हमखास ऐकतो. ती म्हणजे धवलेरींचं (लग्न लावताना गाणाऱ्या बायकांचं) गाणं. सहा वर्षांपूर्वी सायवनच्या एका लग्नात हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर ते टिपलं होतं. त्यातली बारा सेकंदं मी एका माहितीपटाच्या संगीतात घातली, कुणालाही न विचारता. आता दिग्दर्शिका म्हणाली, "आवाज कुणाचा? नाव हवं, परवानगी हवी." नाव मला माहीत नव्हतं. म्हणून हा प्रवास.

डहाणूत बोंबील आणि तांदळाची भाकरी खाल्ली. वाढणाऱ्या बाई माझ्याशी आधी गुजरातीत बोलल्या, मग मराठीत. "सायवन? मग इथं कशाला आलात?" मी सायवनच्या जीपचं विचारलं. जीप मिळाली, ती कैनाडजवळ पंक्चर झाली. सायवनला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं.

लग्नात कोण गातं असं विचारताच लोकांनी देवकीमावशींचं घर दाखवलं. मी हेडफोन दिले. त्यांनी एकच बाजू कानाला लावली आणि डोळे मिटले.

"ही लखमी. माझी धाकटी बहीण. मी नाय."

शेजारी बसलेल्या सुनेनंही ऐकलं. "आई, तुमचाच आवाज आहे!"

"मना माझा आवाज कळत नाय का?" मावशी चिडल्या. लखमी दोन वर्षांपासून मुलाकडे, अच्छाडच्या नाक्यावर राहते, चहाची टपरी चालवते असं कळलं. "आणि तुम्ही? लग्नं कशी चाललीत?" मी सहज विचारलं.

"ती गेल्यापासून नाय गात," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तलासरीमार्गे अच्छाड गाठलं. हायवेवर ट्रकांची रांग, हॉर्न, डिझेलचा वास. स्टोव्ह बारीक करून लखमीमावशींनी गाणं तीनदा ऐकलं.

"ही देवकी."

"त्या म्हणतात, तुम्ही."

"खोटं बोलते. लहानपणापासून तशीच."

नाव कुणाचं लिहावं मला कळेना. बोलायचं म्हणून मी बोललो, "त्यांनी आता गाणं सोडलंय, म्हणून त्यांना नीट आठवत नसेल."

मावशींच्या हातातली गाळणी थांबली. "सोडलंय? फोनवर तर सांगते, औंदा चार लग्नं लावली!"

न विचारता आवाज घेतला होता. आता न विचारता गुपितही फोडलं. मी काहीतरी सारवासारव करू लागलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. टपरी मुलावर टाकून त्या पदर खोचून निघाल्या. "चल, दाखव जीप कुठली."

मला वाटलं, सायवनला आता भांडण होणार. लखमीमावशी अंगणात शिरल्या. देवकीमावशी भात पाखडत होत्या.

"जेवलीस?"

"नाय."

एवढंच. एकीनं सूप खाली ठेवलं, दुसरीनं उचललं. जेवणानंतर दोघींनी हेडफोनची एकेक बाजू कानाला धरली. बारा सेकंदं वाजली आणि दोघी खदखदून हसल्या.

"इथं हिचा दम संपतो, तो मी धरते," लखमीमावशी म्हणाल्या. "माझा संपला की ही धरते. तू कापलंस कुठनं?"

"म्हणजे आवाज कुणाचा?"

"ते तू सांग, मशीन तुझी." देवकीमावशींचा चेहरा मग गंभीर झाला. "पण लग्न कुणी अर्ध्यावर सोडतं का? अर्धं वाजवायचं नाय."

मी मान डोलावली. नाशिकला आलो, आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. एका ठिकाणी दोन्ही सूर असे चिकटले होते की मशीननंही हात टेकले. शेवटी मी ती बारा सेकंदं काढूनच टाकली. दिग्दर्शिका म्हणाली, "तिथं रिकामं वाटतंय." मी म्हटलं, असू दे. आपण पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं केलं, असं मला वाटत होतं.

आठवड्यानं सुनेचा फोन आला. दोघी परवा एका लग्नाला गायला चालल्या आहेत, लखमीमावशी हंगामभर सायवनलाच राहणार आहेत. मागून देवकीमावशींचा आवाज येत होता.

"आई विचारतात, सिनेमात आमचं वाजलं का?"

"नाही. अर्धं वाजवायचं नाय, असं त्याच म्हणाल्या ना, म्हणून काढलं."

फोनपलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग सून म्हणाली, "त्या म्हणतात, काढ म्हणून कुणी सांगितलं? पुरं वाजव म्हटलं होतं."

पुरं गाणं चाळीस मिनिटांचं आहे. माहितीपट तीस मिनिटांचा.