सासूबाईंची सावलीतली पाहुणी

आमच्या सासूबाईंइतकं झाडांवर प्रेम करणारं आणि त्या प्रेमापायी इतकी झाडं मारणारं दुसरं माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचं नाही. धीर नावाची गोष्ट देवाने त्यांना दिलेलीच नाही. बी पेरलं की दुसऱ्याच दिवशी त्या ते उकरून पाहतात, कोंब आला का म्हणून. आला असेल तर आनंदाच्या भरात आणखी थोडं उकरतात. "उकरून पाह्यल्याबिगर कसं कळंन बापा, जित्तं हाय का नाही ते?" हा त्यांचा सवाल. वरणावरचं झाकण त्या एवढ्यांदा उचलतात की वरण शिजतं हेच नवल. आम्ही त्यांच्या चिखलीहून आमच्या खामगावला परत निघालो की अमडापूरला एक आणि उंद्रीला एक असे त्यांचे फोन ठरलेले. एकदा मी, त्यांचा जावई, वैतागून म्हटलं, "आई, गाडी तीच, रस्ताही तोच." त्या म्हणाल्या, "रस्ता ठाव हाय मले. तुम्ही बरे हा का, ते पुसून राह्यली."

त्यांच्या घरामागच्या अंगणात एकेकाळी गुलाब होते, शेवंती होती. मग शेजाऱ्यांनी तीन मजली घर बांधलं आणि अंगणातलं ऊन गेलं ते गेलंच. गुलाब वाळले. आता दणदणीत भांडण होणार म्हणून गल्ली कान देऊन बसली होती. शेजारीणबाईंनीही उत्तरं तयार ठेवली असणार. सासूबाई मात्र भिंतीकडे बघत एवढंच म्हणाल्या, "ऊन गेलं तं गेलं. सावली तं आपली हाय न? सावलीत काय येते ते पाहू." एवढं साधं बोलून त्यांनी भांडण संपवलं, पण शेजारीणबाईंचा त्यावर विश्वास बसला नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही सासूबाईंना हिमाचलला नेलं. बर्फाचे डोंगर समोर उभे असताना त्या पाठ करून मुक्कामाच्या घरामागे देवदाराखाली बसलेल्या. तिथे गर्द सावलीत रुंद, ठळक शिरांच्या पानांची झुडपं होती. होस्टा म्हणतात त्यांना. सासूबाईंनी घरमालकिणीशी आपल्या हिंदीत बोलणं लावलं आणि एक फुटवा मागून घेतला. तो ओल्या फडक्यात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यातून चिखलीला आला, आणि पोळ्या आम्ही प्रवासभर कागदात गुंडाळून खाल्ल्या. झाडाचं नाव घरात पडलं 'पाहुणी'. पानं पाहून सासऱ्यांनी आशेने विचारलं, "अळूच्या वड्या होतीन काय याच्या?" त्या दिवशी त्यांना नुसता भात मिळाला.

थंडीत पाहुणीची पानं पिवळी पडून गळाली. ती हिवाळ्यात मातीखाली झोपते, आणि झोप नीट लागायला कडक थंडी लागते, हे माझ्या बायकोने फोनवर वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "चिखलीचा हिवाळा तिले काय पुरते?" आणि कुंडी फ्रिजमध्ये ठेवली. दही बाहेर आलं. पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडणारा पाहुणा मातीची कुंडी बघून मुकाट्याने माठाकडे वळायचा. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी पाहुणी खरोखर उठली, चांगली पसरली. त्या यशाने सासूबाईंचं डोकं फिरलं.

कारण पुढच्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून पाहुणीच वाटली. फ्रिजमधला झोपलेला गड्डा सोडवून एकेक फुटवा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लावला, आणि तिळगुळाबरोबर बायकांच्या हातात डबा दिला. वर काय दिसत होतं? माती. "उन्हाळ्यात उठंन ते," असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या, पण हसण्याच्या गलक्यात ऐकतं कोण! कुणी ती माती तुळशीला घातली, कुणी डबा रिकामा करून मोहरी भरली. शेजारीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. ऊन गेल्याचा राग सासूबाईंनी असा, हळदीकुंकू लावून काढला, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणं बंद केलं.

सासूबाईंना ते फार लागलं. अंगणातलं ऊन गेलं तेव्हा न खचलेली बाई आता जेवण अर्धं टाकून उठायची. एक फुटवा त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. तो उठला की शेजारी नेऊन दाखवायचा, म्हणजे गैरसमज जाईल, असा त्यांचा बेत. सगळी भिस्त त्या एका कुंडीवर. मग काय होणार? रोज सकाळी उकरणं, संध्याकाळी उकरणं. कोंब बोटाने चाचपून चाचपून शेवटी कुजला. मी गेलो तेव्हा त्या रिकाम्या कुंडीपाशी बसल्या होत्या. "माह्याच हातानं गेली, जावईबापू," म्हणाल्या. मी नुसता शेजारी बसलो.

तेवढ्यात मागच्या दाराशी शेजारीणबाई येऊन उभ्या राहिल्या. "काकू, जरा चाला न माह्यासंगं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या घरामागे कूलरचं पाणी ठिबकत होतं, आणि तिथे, श्रीखंडाच्या फुटक्या डब्यातून, पाहुणी चार पानं काढून ऐटीत बसली होती. "म्या तं रागानं फेकली होती इथं," त्या खाली बघून म्हणाल्या. "मले वाटलं, तुम्ही मले माती देल्ली. घेऊन जा काकू, तुमचीच हाय."

सासूबाईंचा हात आपसूक पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला, पदरात गुंडाळला. "नाही व बाई. राहू दे तिथंच. माह्याकडं आली तं मी उकरून पाहीन."

आता रोज संध्याकाळी त्या स्टूल घेऊन कूलरमागे जाऊन बसतात. दोघींचा चहा तिथेच होतो.

परवा आम्ही परत निघालो. अमडापूर गेलं, फोन नाही. उंद्री गेली, तरी नाही. मी दोनदा फोन चालू आहे ना ते पाहिलं. खामगाव दिसू लागलं तेव्हा राहवेना, मीच लावला. "आई, फोन नाही केलात?"

"पोचसानच न तुम्ही," पलीकडून त्या म्हणाल्या. "आता हात नाही लावत मी."

मला ते मुळीच आवडलं नाही. म्हटलं, "आई, आम्हाला लावत जा."