तू कोन्या गावची, माय?

मेडशीच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागली, तेव्हा आईने माझी बॅग कुणालाच उचलू दिली नाही. स्वतः आत चढली, खिडकीशी जागा धरली, मला बसवलं आणि मगच उतरली. ती आमच्या गावच्या, किन्हीराजाच्या शाळेत खिचडी शिजवायची. मी पुण्याला निघाले त्या दिवशीही हाताला हळद तशीच होती. खिडकीखालून एवढंच म्हणाली, "जेवत जाय, अन् कोनाले भेऊ नको." तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आपण कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

पुण्यात गॅस कंपनीच्या हेल्पलाइनवर नोकरी लागली. ट्रेनिंगमध्ये माझं 'मले', 'तुले', 'करून राह्यली' ऐकून वर्ग हसला. ट्रेनर मॅडम म्हणाल्या, ग्राहकाला तुमचं गाव ऐकू येता कामा नये. मी हॉस्टेलच्या गच्चीवर एकटीच सराव करत बसायचे. वर्षभरात माझेच कॉल नव्या मुलींना नमुना म्हणून ऐकवू लागले. मला अभिमान वाटायचा. फक्त आईचा फोन आला की मी उठून जिन्यात जायचे.

पुढे ऑफिसात एक समुपदेशक बाई आल्या. त्यांनी प्रत्येकीला कागद दिला. त्यावर दहा वेळा छापलं होतं, 'मी... आहे.' शेजारणीने पाच मिनिटांत भरून टाकला. मी 'मुलगी' लिहिलं, 'नोकरदार' लिहिलं आणि थांबले. 'बोलकी' लिहावं तर रूमवरच्या मुली मला घुमी म्हणायच्या. जे सुचायचं ते कोण वाचणार यावर बदलायचं. बाई म्हणाल्या, स्वतःची ओळख पक्की नसली की माणूस ती समोरच्याच्या चेहऱ्यावर शोधत राहतो. मी कागद अर्धवटच परत दिला.

त्याच महिन्यात आमच्याच भागातल्या, मानोऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाबांचा फोन आला. सिलिंडरचं बुकिंग होत नव्हतं. मी शुद्ध मराठीत दोनदा समजावलं, पण त्यांना काही उमगेना. तिसऱ्यांदा नकळत तोंडातून गावची बोली निघाली, "बाबा, घाबरू नका. मी सांगून राह्यली तसं दाबा." बुकिंग झालं. बाबा खुलले. म्हणाले, "तू कोन्या गावची, माय?"

कॉल रेकॉर्ड होत होता. मी म्हटलं, "मी पुण्याचीच आहे, काका."

"असं होय," ते म्हणाले. "मले वाटलं, आपल्याकडची आहे." आणि फोन ठेवला.

त्यानंतर सुट्टी काढून घरी गेले. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. काकूने माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि बाकी सगळे खाली सतरंजीवर बसले. मी 'मला' म्हटलं तशी चुलत बहीण हसली. इथेही मी पाहुणी झाले होते. शेंगा सोलताना आईला त्या बाबांचं सांगितलं. तिचे हात थांबले.

"त्याले वाटलं असन आपलं मानूस भेटलं," ती म्हणाली. "तू त्याले दारातूनच परत धाडलं."

रागावली नाही. शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. मला मात्र वर पाहवेना.

आता नव्या मुलींना मीच शिकवते. गेल्या बॅचला मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची एक मुलगी आली. ती उभी राहून "मले" म्हणाली आणि वर्गात खसखस पिकली. तिचा चेहरा पडला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मी किन्हीराजाची. मले बी असेच हासले होते. बोल बाई, तू काय म्हनत होती?" कामाची मराठी मी तिला शिकवलीच, ती लागतेच. पण तिची बोली चुकीची आहे, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, "मॅडम, तुमाले गावची याद येते काय?"

येते, म्हणाले. तिला एवढंच सांगितलं. उरलेलं तुम्हा वाचणाऱ्यांना सांगते, गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनाही. गावापेक्षा मला तिथे एकवीस वर्षं राहिलेल्या त्या मुलीची जास्त आठवण येते, आपण कोण हे जिला कुणाला सांगावं लागलं नाही. गावी जाते तेव्हा तिथेही ती सापडत नाही. पण त्या दुपारी आम्ही दोघी डबा संपेपर्यंत आपल्या बोलीत बोलत राहिलो, आणि तेवढा वेळ मी घरी होते.